अवयवदानाला ‘नाही’ म्हणायचीही नोंद हवी

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

3 ऑगस्टच्या अवयवदान दिनानिमित्त तुमच्या पेपरात जे पान आलं ते चांगलंच होतं, फॉर्म कुठे भरायचा, वेबसाइट कोणती, सगळं दिलं होतं. पण ज्याला दान करायचं नाही त्याने काय करायचं ते एका ओळीनेही नव्हतं. मी स्वतः नेत्रदानाचा फॉर्म भरलाय, त्यामुळे मी दानाच्या विरोधात आहे असं कृपया कोणी समजू नये.

आपला अवयव प्रत्यारोपणाचा 1994 चा कायदा बघा. त्यात स्वतःची संमती द्यायची तर लेखी, दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक जवळचा नातेवाईक पाहिजे, त्यासाठी फॉर्म 7 आहे, आता तर नोट्टोच्या (अवयव प्रत्यारोपणाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) साइटवर आधार नंबर टाकून घरबसल्या प्रतिज्ञा करता येते. आणि माणसाने जिवंतपणी काहीच लिहून ठेवलं नसेल तर प्रेत ज्याच्या ताब्यात आहे तो परवानगी देऊ शकतो, फक्त मयताने आधी विरोध केलेला नसावा आणि जवळच्या नातेवाइकांपैकी कोणाचा विरोध नसावा. म्हणजे नकाराला कायद्यात मान आहे, पण तो नोंदवायला ना फॉर्म ना रजिस्टर, मग ऐन वेळी तो सिद्ध कोण आणि कसा करणार?

आमच्या आत्याच्या वेळी हेच झालं. आत्या विधवा, मूलबाळ नाही, भावंडं आधीच गेलेली. ती कायम म्हणायची, माझ्या डोळ्यांना हात लावू देऊ नका गं, मला आहे तशी जाळा. ती गेली तेव्हा हॉस्पिटलमधल्या बाई नेत्रदानाबद्दल विचारायला आल्या, अगदी हळू आवाजात, काही जबरदस्ती नाही, पण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात म्हणून घाई होती. माझा आतेभाऊ, म्हणजे दुसऱ्या आत्याचा मुलगा, ज्याच्या सहीने तिला अॅडमिट केलं होतं, तो म्हणाला घ्या, पुण्य लागेल. मी म्हटलं तिला चालणार नाही. तो म्हणाला दाखव कुठे लिहिलंय. तिथेच कॉरिडॉरमध्ये आवाज चढले, शेवटी त्या बाईच म्हणाल्या की वाद असेल तर आम्ही घेत नाही, आणि गेल्या. त्यांचे उपकारच मानते. नंतर कायदा वाचला तर ‘जवळचे नातेवाईक’ म्हणजे नवरा-बायको, मुलं, आईवडील, भाऊ-बहीण, आजी-आजोबा, नातवंडं. भाचे-पुतणे त्यात बसतच नाहीत! आत्यासारख्या एकट्या माणसांनी मग कोणाच्या भरवशावर राहायचं?

देहदानाचं तर अजून वेगळं. 1949 च्या अॅनाटॉमी अॅक्टखाली ठराविक मुदतीत कोणी नातेवाईक आला नाही तर बेवारस प्रेत मेडिकल कॉलेजला देता येतं. कॉलेजला गरज आहे हे कळतं मला, पण फुटपाथवर राहणाऱ्या माणसाची इच्छा काय होती हे त्याच्या हयातीत कोणी विचारलेलं असतं का?

इंग्लंडमध्ये 20 मे 2020 पासून नियमच असा आहे की प्रौढ माणसाने नाही म्हटलं नसेल तर (काही अपवाद सोडून) संमती धरून चालतात, वेल्समध्ये हे त्याआधी 2015 पासूनच आहे. तरी तिथे ज्या रजिस्टरवर ‘हो’ नोंदवतात त्याच रजिस्टरवर ‘नाही’सुद्धा नोंदवता येतं, आणि शिकवण्यासाठी अख्खा देह द्यायचा तर त्या माणसाची स्वतःची, साक्षीदारासमोरची लेखी संमतीच लागते, घरचे परस्पर देऊ शकत नाहीत. आपल्याकडे नोट्टोच्या साइटवर एक जास्तीचा पर्याय ठेवायला काय हरकत आहे? उलट नकार नीट नोंदवता येतो म्हटल्यावर लोकांची भीती कमी होईल असं मला वाटतं.

तोपर्यंत ज्यांना नकोय त्यांनी साध्या कागदावर स्पष्ट लिहावं, कोणता अवयव नको की काहीच नको, तारीख टाकावी, दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि एकेक कॉपी घरच्यांकडे आणि नेहमीच्या डॉक्टरांकडे द्यावी. पुढच्या वर्षीच्या पानात ही माहितीपण छापा ही विनंती.

– एक वाचक, सातारा