भुऱ्याचं काय करायचं

चि. वैशू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रेंज गेली म्हणून फोन कटला, असं तुझ्या आईनं तुला सांगितलं. ते खोटं आहे. मीच कापला. "बाबा, किती दिवस त्याचे हाल करता, इंजेक्शन देऊन टाका," असं तू म्हणालीस. भुऱ्या कुत्रा असला तरी त्यातला 'टाका' मला लागला. मग मी म्हणालो, पुण्यात बसून बोलायले काय जाते. तसं बोलायला नको होतं. पण फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून हे लिहितो. गजाननला फोटो काढून तुला पाठवायला सांगीन.

भुऱ्या कोठ्यात पोत्यावर पडून असतो. पाणी ढसाढसा पितो, लगेच मुततो, भाकरीकडं बघत नाही. नागपूरला व्हेटरनरी कॉलेजात नेला तेव्हा मूत्रपिंडाच्या तपासणीत क्रिएटिनिन सातच्या वर निघालं, तो रिपोर्ट तू पाहिलास. तू नर्स आहेस, आकडा पाहून तुला कळतं. मला त्याच्या तोंडाच्या वासावरून कळलं होतं, नागपूरच्या आधीच. आठ दिवस सलाईन लावून पाहिलं. सलाईन चालू असते तोवर मान वर धरतो, संध्याकाळी पुन्हा तसाच.

तालुक्याचे डॉक्टर परवा घरी आले होते. ते म्हणाले, आधी गुंगीचं देतो, तो झोपला की मग शिरेतून दुसरं. चार-पाच मिनिटांत हृदय थांबतं, त्याला काही कळत नाही. मी दोनदा विचारलं, खरंच कळत नाही का. तिसऱ्यांदा विचारणार होतो, पण तुझ्या आईनं चहा आणला.

तुला आठवत नसेल, २०१२ च्या दिवाळीत आणला तेव्हा तो माझ्या दुपट्ट्यात मावत होता. दोन वर्षांत जागलीला यायला लागला. रानडुकरं सोयाबीनात शिरली की हा धुऱ्यावरून असा सुटायचा की मला बॅटरी लावायलाही वेळ मिळायचा नाही. एकदा डुकरानं मांडी फाडली तेव्हा तूच हळद भरून फडकं बांधलं होतंस. आठवीत होतीस. तुझा हात जरा थरथरला नाही. आजी तेव्हाच म्हणाली होती, ही पोट्टी दवाखान्यातच जाईन. आता गावात कोणी विचारलं तर मी सांगतो, सरकारी नाही पण मोठ्या दवाखान्यात सिस्टर आहे. दोनदा सांगतो. आई चिडवते.

विषय दुसरीकडं गेला.

तुझी ड्यूटी, तुझे पेशंट, मला समजतं. पण माणसाचं असो की जनावराचं, असा निर्णय फोनवर, जेवता जेवता होत नसतो. जवळ बसावं लागतं. शहरात सगळ्याच गोष्टींची घाई असते, अन् तुम्ही पोरं... जाऊ दे. तू मागच्या महिन्यात सोळा-सोळा तास उभी होतीस, आणि मी तुला घाई शिकवतो. माफ कर.

त्याला कळेल का, एवढंच माझ्या डोक्यात फिरतं. डॉक्टर नाही म्हणतात. इंजेक्शनचं नाही म्हणत मी. धरलं कोणी, ते कळेल का.

आपल्या सर्जा बैलाचं तुला आम्ही सांगितलं होतं की कारंज्याला काकाच्या वावरात गेला. नव्हता गेला. २०१४ ला पाऊस दडी मारून बसला, दुबार पेरणीला पैसा नव्हता, आणि सर्जा वखराला चालेनासा झाला होता. बाजारात दिला. बैल कापायला बंदीचा तो कायदा २०१५ ला आला, तेव्हा कोणी अडवत नव्हतं. गाडीत चढत नव्हता तो. व्यापाऱ्याच्या पोरानं शेपूट पिरगाळलं, तरी नाही. मग मी कासरा धरला, "चाल बेटा" म्हटलं, अन् चढला. पांढराशुभ्र गौळाऊ बैल, त्या पोळ्याला त्याची शिंगं तूच रंगवणार होतीस. तुझ्या आईलाही मी हे पूर्ण सांगितलेलं नाही.

आणि दुसरं. हे मी रविवारी बोलणार होतो, त्याआधी राग आला. जूनमध्ये भुऱ्या लंगडत होता. मी माझ्या गुडघ्याच्या गोळ्या भाकरीत घालून त्याला दिल्या, आठ-दहा दिवस. एरवी गोळी थुंकतो, पण माझ्या हातची भाकरी म्हणून खाल्ली. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, माणसाची दुखण्याची गोळी दिली होती का, त्यानं कुत्र्याचे मूत्रपिंड जातात. मी नाही म्हणालो. परत येताना गाडी टोलनाक्यावर थांबवली आणि त्यांना फोन करून खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, या वयात मूत्रपिंड तसेही थकतात, गोळीनंच झालं असं सांगता येत नाही. चांगल्या होत्या. पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

तू म्हणतेस ते बरोबर आहे, वैशू. रात्री तो कण्हतो. मी उठून जातो तर शेपटी हलवतो, मग कण्हणं थांबवतो. मला बरं वाटावं म्हणून थांबवतो असं आई म्हणते. हे किती दिवस चालू द्यायचं?

डॉक्टरांना येत्या रविवारी सकाळी बोलावलं आहे. खड्डा विहिरीजवळच्या आंब्याखाली, छातीएवढा खोल करायला सांगितलं त्यांनी, कारण औषध अंगात राहतं, दुसऱ्या जनावरानं उकरून खाल्लं तर तेही मरतं. पावसानं माती मऊ आहे, गजानन आणि मी करू.

जमलं तर ये. महाराष्ट्र एक्सप्रेसनं ये, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं येऊ नको, मागच्या वेळी आई रात्रभर जागी होती. पुलगावला मी घ्यायला येईन. नाही जमलं तरी रागावणार नाही. सुट्टी मागून नोकरीत वाईट होऊ नको.

बिस्किटं आणू नको, खात नाही. दोन दिवसांपासून फक्त ताक चाटतो, तेही ताटलीतलं नाही, माझ्या तळहातावरचं. रविवारी ते तू देशील का? मी देईन तरी घेईल तो. म्हणूनच म्हणतो.

तुझा,
बाबा