तळहाताखाली झाकलेला मेल

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, हे मला माहीत आहे. पुण्याच्या एका वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या लांब टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला बसणारे निवृत्त मुद्रितशोधक, एवढी ओळख पुरेशी आहे. आभार तोंडी मानायला गेले की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे पत्र.

मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. शाफ्ट, म्हणजे यंत्रातले फिरणारे दांडे, हार्डनिंग होऊन (पोलाद कठीण करून) येतात, ते तपासायचे. आमच्या ड्रॉइंगवर 58 ते 62 एचआरसी लिहिलेलं असतं, ते कठीणपणाचं माप. एका लॉटमधले पाच पीस मी तपासले. पाचही पास झाले, पण दोन अगदी 58 वर होते आणि पृष्ठभागाचा रंगही एकसारखा नव्हता. मन खात होतं. हा लॉट नीट हार्ड झालेला नाही अशी मला शंका आहे, हे वरच्यांना कळवायचं होतं. शंका म्हणजे डाउट, हे शाळेपासून पाठ. मी मेलमध्ये लिहिलं, ‘आय डाउट दॅट धिस लॉट हॅज नॉट बीन हार्डन्ड प्रॉपरली.’ लॉट रवाना झाला, ग्राहकाने परत पाठवला आणि मेमो माझ्या हातात आला. मेमोत म्हटलं होतं की तुम्हीच लॉट चांगला असल्याचं कळवलं होतं.

त्या दिवशी मीटिंगमध्ये वरिष्ठांनी माझा मेल दहाजणांसमोर मोठ्याने वाचला. ‘एवढं साधं इंग्रजी येत नाही?’ म्हणाले. नेमकं काय चुकलं ते मात्र त्यांनीही सांगितलं नाही. त्याआधी स्पोकन इंग्लिशच्या एका क्लासला मी अठरा हजार रुपये भरले होते. तिथे प्रत्येक वाक्याच्या आधी ‘आय थिंक’ लावा, कॉन्फिडन्स दिसतो, असं शिकवलं. कॉन्फिडन्सचा आणि डाउटचा काय संबंध, हे विचारायची सोयच नव्हती. मोहोळ तालुक्यातल्या शाळेत मराठीतून शिकून, डिप्लोमा करून मी इथवर आले. तेव्हा मला वाटू लागलं होतं की इंग्रजीत मत मांडणं आपलं काम नाही. नुसते आकडे लिहावेत आणि गप्प बसावं.

त्या रविवारी मी मेलचा प्रिंट घेऊन तुमच्याजवळ आले. तुम्ही तो दोनदा वाचलात. मग टेबलावर सपाट ठेवून त्यावर दोन्ही तळहात असे ठेवलेत की ‘डाउट’ सोडून बाकी सगळं झाकलं गेलं. म्हणालात, ‘एवढंच चुकलंय. हाताखालचं सगळं बरोबर आहे.’

काका, त्या मेलमध्ये तेरा ओळी होत्या. आठ दिवस मी त्या तेराही ओळी चुकीच्या समजून रडत होते. तुमच्या हातांनी मला दाखवलं की चुकीची जागा एका शब्दाएवढी आहे. पुढे तुम्ही पुष्कळ शिकवलंत, पण मला आजही आधी ते दोन हात आठवतात, बोटांवर जुन्या शाईचे डाग असलेले.

मग तुम्ही विचारलंत, ‘ते पीस बघून तुम्हाला काय वाटलं होतं?’ मी वयानं तुमच्या मुलीपेक्षा लहान, तरी तुम्ही ‘तुम्हाला’ म्हणालात. असं मला कारखान्यात कोणी विचारलं नव्हतं. मी मराठीत सांगितलं आणि तुम्ही समजावलंत: आपल्या शंकेला दोन तोंडं आहेत. काहीतरी घडलं असावं असं वाटणारी शंका इंग्रजीत ‘सस्पेक्ट’. घडलं असेल यावर विश्वास न बसणारी शंका ‘डाउट’. मी दुसरीच लिहिली, वर वाक्यात ‘नॉट’ होतंच, आणि अर्थ उलटा झाला.

तुम्ही प्रत्येक वेळी मराठीतून सुरुवात केलीत. ‘तो येईल असं मला वाटत नाही’ असं आपण म्हणतो ना, इंग्रजीही नकार तसाच ‘थिंक’कडे नेते, ‘आय डोन्ट थिंक ही विल कम’, म्हणजे हे तुम्हाला आधीच येतं, असं म्हणालात. सप्लायरचं म्हणणं ‘क्लेम्स’ने लिहिलं की आपण त्याची हमी घेत नाही, ‘पॉइंट्स आउट’ लिहिलं तर ते खरं मानल्यासारखं होतं. स्वतः तपासून बनलेलं मत ‘फाइंड’ने सांगावं. ‘कन्सिडर’ला ‘अ‍ॅज’ लागत नाही, ‘रिगार्ड’ला लागतं, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. पण चार्ल्स फिलमोर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1971 च्या सुमारास मांडलेला भेद तुम्ही सांगितलात, त्या दिवशी मी चहा प्यायचा विसरले. ‘अ‍ॅक्यूज’ करताना कृत्य वाईट हे धरूनच चालायचं, ते कोणी केलं हे सांगायचं. ‘क्रिटिसाइज’ करताना कोणी केलं हे ठरलेलं असतं, ते वाईट होतं हे सांगायचं. तुम्ही शेजारी मराठीत लिहिलंत: ठपका, टीका. माझ्या मेमोत ठपका होता. लॉट खराब हे सगळ्यांना मान्यच होतं, फक्त माणूस हवा होता. ते मला तेव्हा उमगलं, आणि मेमोचा माझ्यावरचा भार निम्मा उतरला.

पुणेकर तोडून बोलतात, असं गावाकडे ऐकून मी आले होते. तुम्हीही गोड बोलत नाही. पण समोरच्याला लहान न करता चूक दाखवता येते, हे मी तुमच्याकडे पाहिलं. त्याला पैसे लागत नाहीत, पदवी लागत नाही. मग इतक्या मोठ्या खुर्च्यांवरच्या माणसांना ते का जमत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. शिकवायला वेळ नसेल तर नसू दे, निदान दहाजणांसमोर हसू तरी नये.

गेल्या महिन्यात तसाच एक लॉट आला. मी लिहिलं, ‘आय सस्पेक्ट दॅट धिस लॉट हॅज नॉट बीन हार्डन्ड प्रॉपरली. आय रेकमेंड दॅट इट बी हेल्ड.’ ते ‘बी’ तुमचंच, मी तिथे ‘शुड’ घालणार होते. लॉट थांबला. पीस कापून केस डेप्थ, म्हणजे वरच्या कठीण थराची खोली, बघितली, कमी निघाली.

गेल्या रविवारी तुम्ही मला ‘अझ्यूम’ आणि ‘प्रिझ्यूम’मधला फरक विचारलात आणि शब्दकोश बघायचा नाही अशी अट घातलीत. मी तीन दिवस कंपनीच्या बसमध्ये विचार केला. दोन्हीत आपण गृहीत धरतो. पण मला वाटतं, ‘प्रिझ्यूम’मध्ये धरायला काहीतरी आधार असतो आणि ‘अझ्यूम’मध्ये तो नसला तरी चालतं. रविवारी दहाला येते, बरोबर आहे का ते सांगा.

तुमची,
शाफ्टवाली