गृहपाठ टाळणाऱ्या मुलांविषयी

महोदय,

गृहपाठ टाळणाऱ्या मुलाला आळशी ठरवून मोकळे होणे सोपे असते; परंतु मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांच्या मांडणीनुसार साधारण ६ ते १२ या वयात मूल कर्तबगारीची जाणीव आणि न्यूनगंड यांच्या कात्रीत असते, आणि वहीतले लाल शेरे त्याला न्यूनगंडाकडेच ढकलतात. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) मासळीचे वाटे अचूक सांगणारा मुलगा वर्गात भागाकाराला बिचकतो, यात मला तरी त्याचा दोष दिसत नाही. बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या मते ७ ते ११ वर्षांचे मूल प्रत्यक्ष वस्तूंच्या आधारे तर्क करते. तेव्हा भागाकार आधी त्या वाट्यांवरच शिकवावा आणि, मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांच्या विचाराला धरून, एकट्याने न सुटणारे पण थोड्या मदतीने सुटणारे गणित घरी न देता वर्गातच सोडवून घ्यावे. जवळपासच्या शाळांतील शिक्षकांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदांत परिपत्रकांच्या वाचनाऐवजी (ती मोबाइलवर येतातच) ओळखीच्या वस्तूंवर बेतलेल्या, मुलाला एकट्याने जमतील अशा गृहपाठांची देवाणघेवाण व्हावी.

– एक शिक्षक, सिंधुदुर्ग