42 च्या द्याव्यात, 36 च्या ठेवाव्यात

कराड, रविवार

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

कंबर 42 इंचांवरून 34 वर आली, आता जुन्या मोठ्या कपड्यांचं काय करायचं, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. 42 कंबरेच्या सगळ्या पँट या महिन्यात घराबाहेर काढ. उतरता उतरता मध्ये घेतलेल्या 38 आणि 40 च्या असतील त्याही दे. 36 च्या मात्र दोन ठेव. आणि लग्नाच्या कोटाला हात लावू नकोस, त्याचं शेवटी लिहितो.

लोक नेमकं उलटं करतात. सगळ्यात मोठं माप 'असू दे, न जाणो' म्हणून माळ्यावर टाकतात आणि मधलं माप उत्साहाच्या भरात वाटून मोकळे होतात. आता विचार कर, वजन परत आलंच तर ते रातोरात 42 वर जाऊन बसतं का? 35, 36, 37 असं चढत जातं. त्या वाटेवरचं माप कपाटात नसतं. मग माणूस सोमवारी सकाळी 34 ची पँट श्वास रोखून चढवतो, हूक तुटतो, आणि घाईत माळ्यावरची 42 खाली येते. त्या ढगळ पँटमध्ये एकदा शिरलं की पुढचे इंच कधी भरत गेले ते कळत नाही, कारण सैल कापड काही बोलत नाही. 36 ची पँट बोलते. ती नीट बसायला लागली की समजायचं दोन इंच आले, आणि ती काचायला लागली की समजायचं आता उशीर करून चालणार नाही. एवढ्यासाठीच ती ठेवायची.

तू म्हणालास, ऑफिसातले मित्र सांगतात की एकही मोठा कपडा ठेवू नको, परतीचे दोर कापून टाक. ऐकायला छान आहे. पण सूर्याजीनं दोर कापले ते कोंढाण्यावर, समोर शत्रू असताना, एका रात्रीच्या लढाईसाठी. पोटाची लढाई एका रात्रीची नाही आणि तिथं कड्यावरून उडी मारणारंही कुणी नाही. कपाट रिकामं केल्यानं भूक कमी होत नाही. होतं एवढंच, की चार किलो वाढले त्या दिवशी माणसाला अंगात घालायला धड कपडा नसतो आणि लाज दुप्पट होते. अशी माणसं माझ्याकडे येतात. 'शेठ, जरा सोडून द्या' म्हणतात आणि मान खाली. शिंप्याकडे माप देताना कुणी मान खाली घालू नये असं मला वाटतं. टेप काही परीक्षा घेत नाही.

माझ्या मापाच्या वह्या तू लहानपणी चाळायचास. एकाच गिऱ्हाइकाचं माप एकाखाली एक: 30, 32, 32, 34. लग्न, पोरं, बढती, सगळं त्यात दिसतं. उतरलेली मापं थोडी, आणि उतरून तिथंच राहिलेली त्याहून थोडी. दुकानात बसणारे म्हणतात, जिभेवर ताबा नाही. मला ते पटत नाही, आणि स्वातीनं तिच्या फार्मसीच्या शिक्षणातून जे सांगितलं त्यानंतर तर मुळीच नाही. ऑस्ट्रेलियात केलेला एक अभ्यास 2011 साली छापून आला. वजन उतरवलेल्या माणसांच्या रक्तातली भुकेची आणि पोट भरल्याची संप्रेरकं त्यांनी तपासली. एक वर्ष उलटलं तरी ती पहिल्या जागी आलेली नव्हती, आणि माणसांना भूकही आधीपेक्षा जास्तच लागत होती. म्हणजे माणूस बारीक झाला तरी शरीर आतून जुनंच माप धरून बसलेलं असतं. वजन उतरवायच्या ज्या इंजेक्शनांचा सध्या बोलबाला आहे त्यातलं सेमाग्लुटाइड घ्या. चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनातलं सुमारे दोन-तृतीयांश परत आलं. तू इंजेक्शन घेतलं नाहीस, पायी चालून आणि ताट आवरून उतरवलंस, त्याचं मला कौतुक आहेच. पण कष्टानं उतरवलं म्हणून शरीर सवलत देतं असं नाही. तेव्हा उद्या थोडं वाढलं तर स्वतःला शिव्या द्यायच्या नाहीत, 36 ची पँट घालायची आणि कामाला लागायचं.

मग 36 च्या तरी किती दिवस ठेवायच्या? स्वातीनंच आणखी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. अमेरिकेत 1994 साली एक नोंदवही सुरू झाली, नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री नावाची. निदान 30 पौंड, म्हणजे आपले साडेतेरा किलो, उतरवून ते एक वर्ष टिकवलेल्यांनाच तिच्यात प्रवेश. त्या नोंदींतून असं दिसलं की दोन ते पाच वर्षं टिकवलं की पुढं टिकण्याची शक्यता खूप वाढते. म्हणून माझा हिशोब असा: आमरस, गणपतीचे मोदक, दिवाळीचा फराळ, लग्नसराईतल्या पंगती, आजारपण, ऑफिसातली एखादी वाईट तिमाही, हे सगळं एकदा अंगावरून जाऊ दे. एवढं होऊनही 34 राहिलं तर दोनातली एक दे. दुसरी आणखी वर्षभर राहू दे. तिनं कपाटात जागा ती किती घेतली!

आता ढगळ कपड्यांबद्दल. तू मागच्या महिन्यात जुन्याच शर्टात आलास तेव्हा शेजारच्या काकूंनी तुझ्या आईला बाजूला घेऊन विचारलं, 'अमोलला शुगर निघाली का हो?' आई दोन दिवस गप्प होती. दोष काकूंचा नाही, शर्टाचा आहे. कॉलर आणि मान यांच्यात दोन बोटं जातात, शोल्डरची शिवण दंडावर उतरलेली, पट्टा आवळून पँटला पुढं चुण्या पडलेल्या. असा माणूस बारीक झालेला दिसत नाही, खंगलेला दिसतो. तेव्हा घरात घालायला म्हणूनही मोठे शर्ट ठेवू नकोस. घरातले कपडे हळूच बाजारापर्यंत जातात.

'आप्पा, तुम्हीच बारीक करून द्या' असं तू म्हणणार हे मला माहीत आहे. करून देईन, पण काय होतं आणि काय होत नाही ते समजून घे. मी शिवलेल्या पँटला मागच्या सीटच्या शिवणीत मार्जिन असतं. तिथून दोन इंच कंबर आत घेतली तर कळतही नाही. तीन इंच घ्यायचे तर थोडं काम वाढतं. 42 ची 34 करायची म्हणजे आठ इंच. ते सगळे मागून काढले तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांना चिकटतात, बाजूचे खिसे मागं ओढले जातात आणि मांडीला पोतं तसंच राहतं. नीट करायची तर कमरेची पट्टी, बाजूच्या शिवणी, खिसे सगळं उसवून पुन्हा बेतायचं. एवढ्या वेळात नवी पँट शिवून होते. जीन्सचं तर नावच नको, त्या दुहेरी शिवणीत मार्जिन नसतंच.

शर्टाला पोटाशी बाजूच्या शिवणीतून घेता येतं. पण शोल्डर उतरला की बाही काढा, मुंढा नव्यानं कापा, बाही परत बसवा. आणि एवढं करून कॉलर मोठी ती मोठीच. कॉलर बदलायला बसलो तर तुझी आई मला जेवायला हाक मारायची थांबेल. म्हणून मोठे शर्ट सरळ दे. एकच शर्ट आणायचा असेल तर तो निळ्या चौकड्याचा आण, त्याचं कापड आता मिळत नाही.

आणि 36 च्या ज्या दोन ठेवशील त्या मी शिवलेल्याच असू देत. त्यातली एक मी 34 ला घेऊन देतो, पण कापणार नाही. आत नुसती टीप मारून कापड तसंच सोडीन. लागलं तर टीप उसवायची, अर्ध्या तासाचं काम. पुण्यात कुणा दुसऱ्याकडे दिलीस तर त्याला आधी सांग, 'जादा कापड कापू नका.' काहीजण विचारत नाहीत, ओव्हरलॉक मारताना सरळ कापून टाकतात. कापलेलं परत येत नाही. आजवर गिऱ्हाइकांना मी हेच सांगत आलोय: वर्ष होईपर्यंत घ्यायचं, कापायचं नाही.

नवे चांगले कपडे कधी शिवायचे? टेप तीन महिने लागोपाठ तोच आकडा सांगेल तेव्हा. काटा थांबला तरी अंगाची ठेवण हलत राहते, विशेषतः तू आता व्यायामशाळेत जायला लागलास म्हणून सांगतो. छाती-खांदे भरले की शर्टाचं माप पुन्हा बदलेल. तोवर दोन पँट, तीन शर्टांवर भागव. कुणी मोजत नाही.

टेपवरून आठवलं. पँटची कंबर म्हणजे तुझी कंबर नव्हे. पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली बांधतो, त्यामुळे पोट वाढत गेलं तरी पँटचा नंबर कितीतरी दिवस तोच राहतो. वहीत 36 लिहिलेली माणसं पोटावर मोजली तर चाळीसच्या पुढं निघतात. डॉक्टर मोजतात ती जागा वेगळी: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून. आपल्याकडच्या पुरुषांना तिथं 90 सेंटिमीटर ही धोक्याची रेघ धरतात, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आसपास. तू महिन्यातून एकदा तिथं मोज. रेडिमेडच्या लेबलवर विश्वास ठेवू नकोस. एका कंपनीची 34 टेप लावली की 36 भरते. गिऱ्हाइकाला बारीक असल्यासारखं वाटावं म्हणून ते तसं करतात. धंद्याच्या दृष्टीनं हुशारी आहे, पण तुझ्यासारख्याला त्यातून खोटा दिलासा मिळतो.

आता द्यायचं कुणाला. प्राजक्ता म्हणाली, बोहारणीला देऊन एखादं पातेलं घेऊ. घ्या, हरकत नाही. टी-शर्ट, बर्मुडा, जुने शर्ट तिला द्या. गूंजसारख्या संस्थाही कपडे घेतात. 1999 पासून त्यांचं काम चालू आहे, कपडा गरजेच्या माणसाला मानानं मिळावा यासाठी ते झटतात, तेव्हा द्यायचं ते धुऊन, बटणं लावून द्या. पण 42 च्या चांगल्या पँट इकडं पाठव. त्याचं कारण असं, की दिवाळीच्या सुमारास माणुसकीच्या भिंतीवर कपड्यांचा ढीग लागतो त्यात जाड माणसाचं माप सापडत नाही. लोक देतात ते आखूड झालेलं, पोटात बसेनासं झालेलं, म्हणजे लहानच. गरीब आणि बारीक, असंच सगळे धरून चालतात. मार्केट यार्डात वजनाच्या पोत्यांचा हिशोब ठेवणारे एक गृहस्थ आहेत, चांगले 42 आहेत. ते दरवर्षी एकच पँट शिवतात आणि ती उन्हाळ्यापर्यंत मांडीत विरते. तुझ्या पँट लांबीला एक इंच कमी केल्या की त्यांना बसतात. मी त्यांना 'गिऱ्हाइकानं न नेलेला माल' म्हणून देईन, नाव कुणाचं सांगायचं नाही.

बाकी किरकोळ: बनियन, अंडरवेअर, इलॅस्टिक गेलेले पायजमे सरळ फरशी पुसायला. नाडीचे लेंगे आणि सदरे ठेव, सैल सदरा उन्हाळ्यात चांगलाच. पट्ट्याला खिळ्यानं भोकं पाडत बसू नकोस, बकल काढून तिकडून कापायचा आणि पुन्हा बसवायचा, चांभार पाच मिनिटांत करून देतो. अंगठी बोटातून निसटत असेल तर घालणं बंद कर आणि येताना घेऊन ये, सोनाराकडे जाऊन येऊ.

राहिला कोट. तो मी तुझ्या लग्नाला आठ रात्री जागून शिवला. आत कॅनव्हास आहे, खांद्यात पॅड आहेत, तो 34 च्या माणसाला करायचा म्हणजे कोट मोडायचा. मी मोडणार नाही आणि तूही कुणाला मोडू देऊ नकोस. तो कधीच अंगाला बसणार नाही हे मला कळतं. वर लिहिलेला एकही नियम त्याला लागू नाही. प्राजक्ताला सांग, कपाटात जागा नसेल तर इकडं पाठवा, माझ्या कपाटात आहे.

पँटची पिशवी एसटीच्या पार्सलला टाकलीस तरी चालेल, नाहीतर गणपतीला येताना आण. माप आल्या दिवशीच घेऊ, जेवणाआधी. मोदक खाल्ल्यावर घेतलेलं माप मी वहीत लिहीत नाही.

तुझा,
आप्पा

ता. क. निळा चौकड्याचा शर्ट विसरू नकोस.