पुतळ्याचा चौथरा कोणाच्या पैशाने बांधला?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला १९व्या शतकाच्या अखेरच्या अमेरिकेवरचा लेख वाचला. ट्राम, वीज, उंच बिल्डिंगी सगळं मस्त आलंय, पण बाहेरून आलेल्यांना अमेरिकेने आपली संस्कृती शिकवली असा जो सूर आहे ना, तो काही पटला नाही बुवा. शिकवायला ती आधी तयार कुठे होती?

शिकागोच बघा. १८७० ला ३ लाखांच्या आत असलेलं शहर, १८७१ च्या आगीत केवढातरी भाग जळून गेला, तरी १८९० ला ११ लाखांच्या घरात पोचलं आणि त्यातले शंभरातले चाळीस लोक परदेशात जन्मलेले. न्यूयॉर्कमधेही तोच प्रकार. एवढी माणसं, प्रत्येकाची भाषा वेगळी, दिवसभर कामाला जुंपलेली, राहायला अंधाऱ्या चाळी, म्हणजे टेनेमेंट. मग संध्याकाळी हातात जे दोन-चार सेंट उरतील ते कोणीतरी मागणारच ना! ते कसे मागायचे हे ज्यांना कळलं त्यांनी ती नवी संस्कृती उभी केली, आणि त्यातले कित्येक स्वतःच बाहेरून आलेले.

पुलित्झरचं नाव लेखात एका ओळीत उरकलंय, म्हणून जरा सांगतो. हा माणूस १८६४ ला हंगेरीतून आला तेव्हा १७ वर्षांचा होता, इंग्रजी जेमतेम, आला तो यादवी युद्धात सैनिक म्हणून भरती व्हायला. त्यानेच १८८३ मधे न्यूयॉर्कचा 'वर्ल्ड' हा पेपर विकत घेतला, अंकाची किंमत २ सेंट, मोठे मथळे, चित्रं, सोपी भाषा, म्हणजे ज्याला इंग्रजी अर्धंच कळतं त्यालाही पेपर घ्यावासा वाटेल. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा फ्रान्सने दिला हे सगळ्यांना माहितीये पण चौथऱ्याला पैसेच नव्हते, श्रीमंतांनी हात आखडता घेतला, तर याने १८८५ मधे पेपरातून वर्गणी काढली आणि देणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापायचं कबूल केलं. पाच महिन्यांत १ लाख डॉलरच्या वर जमले, देणारे लाखाच्या वर, बहुतेकांनी एक डॉलरपेक्षा कमी दिलेले. आपलं नाव छापून येणार म्हटल्यावर कोण पेपर घेणार नाही सांगा, धंदाही झाला आणि चौथराही! (त्याच्या तीनच वर्षं आधी, १८८२ ला, चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी करणारा कायदा झाला होता. लेखात याचा उल्लेखही नाही, हे मात्र खरंच खटकलं.)

मग १८९५ ला हर्स्ट हा दुसरा पेपरवाला न्यूयॉर्कात आला, त्याने 'जर्नल' हा पेपर घेऊन अंक १ सेंटला विकायला काढला आणि दोघांची अशी काही जुंपली की विचारू नका. व्यंगचित्रातलं, टेनेमेंटच्या गल्लीतलं एक टकलं पोरगं, अंगात पिवळा झगा, तो 'यलो किड' वर्ल्डमधे गाजत होता तर हर्स्टने चित्रकारच पळवला, वर्ल्डने दुसरा चित्रकार बसवला आणि काही काळ दोन्ही पेपरांत दोन यलो किड! भडक पत्रकारितेला यलो जर्नालिझम म्हणतात ते यावरूनच असं मानलं जातं. गरीब गल्लीतलं पोरगं आख्ख्या शहराचा हीरो झालं, यात शिकवलं कोणी कोणाला?

आणि हे पेपर रस्त्यावर विकायची कोण? तसलीच पोरं. १०० पेपर ५० सेंटला मिळायचे, १८९८ च्या स्पेनबरोबरच्या युद्धात खप वाढला म्हणून ६० केले, युद्ध संपलं तरी या दोन पेपरांनी भाव काही खाली आणला नाही. शेवटी जुलै १८९९ मधे पोरांनी संप केला, ब्रुकलिन ब्रिजवर गर्दी करून वाहतूक अडवली, दोन आठवडे पुलित्झर आणि हर्स्टला घाम फोडला. भाव ६० च राहिला पण न विकलेले पेपर परत घ्यायचं दोघांना मान्य करावं लागलं, आधी तो तोटा पोरांच्याच माथी असायचा.

लेखाखाली "क्रमशः" दिसलं म्हणून हे लिहितोय. पुढच्या भागात बिल्डिंगी एकदोन कमी झाल्या तरी चालतील, या पोरांना अर्धा कॉलम द्याच.

आपला,
एक जुना वाचक