खेळातली लोहारकी आणि भाच्याचे अठराशे रुपये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलवरच्या खेळांबद्दल आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात वाचकांची पत्रं आली. मुलं बिघडली, खेळ बंद करा, असाच सगळ्यांचा सूर होता. मुलाचे पैसे गेले की आईबापाला काय वाटतं ते आमच्या घरानं नुकतंच अनुभवलंय, त्यामुळे त्यांचा राग मला कळतो. पण आमच्या घरातले पैसे खेळानं नेले नाहीत. ते कुणी नेले आणि ती वेळ का आली, हे सांगण्यासाठी हे पत्र.

मी लोहार. वाळवा तालुक्यात आमचं दुकान वडिलांच्याही आधीपासून आहे. पूर्वी बलुत्यावर चालायचं, आता रोखीवर. ऊसतोडीचे कोयते, खुरपी, कुळवाच्या पासा आणि उरलेल्या वेळात ट्रॉलीची वेल्डिंगची कामं. माझी ताई चिंचवडला असते. तिचा मुलगा यंदा दहावीत गेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आमच्याकडे आला, तो तोंड पाडूनच. दोन दिवस धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन बसला आणि आपणहून बोलला. गेममधल्या एका ग्रुपवर कुणीतरी सांगितलं होतं, अठराशे रुपये दे, पासवर्ड दे, तीन दिवसांत तुझी लेव्हल सत्तरवर नेतो. यानं आजीनं दिलेले पैसे ताईच्या फोनवरून पाठवले आणि पासवर्डही दिला. त्या माणसानं पासवर्ड बदलला, आत साठवलेलं सोनं-नाणं, चिलखत सगळं काढून नेलं आणि नंबर बंद केला.

मी विचारलं, "कशाची लेव्हल?"

म्हणाला, "स्मिथिंगची."

"म्हणजे?"

"लोहारकी, मामा."

माझ्या हातातली सांडशी तशीच राहिली. ज्याच्या आजोबांनी, पणजोबांनी ऐरणीवर जन्म काढला, त्या पोरानं लोहारकी करून घ्यायला परक्याला पैसे मोजले. मला राग आला नाही, वाईट वाटलं. आम्ही त्याला कधी भात्याजवळ बसवलंच नव्हतं. शिकून मोठा हो, या धंद्यात पडू नको, असंच सगळे सांगत आलो. मी म्हटलं, गेलं ते जाऊ दे, पहिल्यापासून सुरू कर, मी शेजारी बसतो.

खेळाचं नाव ओल्ड स्कूल रूनस्केप. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा. मूळ रूनस्केप २००१ सालचा. खेळणाऱ्यांना २००७ सालचं जुनं रूपच हवं होतं, म्हणून २०१३ च्या फेब्रुवारीत तो या नावानं पुन्हा सुरू झाला आणि २०१८ पासून मोबाइलवर आला. फुकट खेळता येतो. वर्गणी भरली तर जास्त मुलूख उघडतो. त्यात मासेमारी आहे, लाकूडतोड आहे, स्वयंपाक आहे, तशीच लोहारकी.

नवा माणूस आत आला की त्याला आधी एका बेटावर नेऊन शिकवतात. तांब्याचा एक खडा, कथलाचा एक खडा खाणीतून फोडायचा, भट्टीत घालायचा, कांशाची लगड निघते. ती ऐरणीवर ठेवून हातोड्यानं खंजीर करायचा. एक तांबं, एक कथील हे माप खऱ्या धंद्यात चालणार नाही, कांशात कथील त्याहून बरंच कमी लागतं. पण क्रम बरोबर आहे. खाण, भट्टी, ऐरण. मला वडिलांनी पहिले सहा महिने नुसता भाता ओढायला लावला होता, मग खिळे. खेळातल्या मास्तरांनीही मुलाच्या हातात पहिल्या दिवशी तलवार दिली नाही, हे मला आवडलं.

बेटावरून सुटल्यावर लंब्रिज नावाच्या गावात येतो. आता जी मुलं सुरुवात करतील त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो, कारण मराठीत हे सांगणारं भाच्याला कुणी भेटलं नाही, म्हणून तो त्या भामट्याच्या तोंडी लागला. गावाच्या दक्षिणेला दलदल आहे, तिच्या पूर्व अंगाला तांबं आणि कथील शेजारी शेजारी मिळतं. पिशवीला २८ खण. टिकाव हातात धरला की तो खण अडवत नाही, म्हणजे १४ तांबं, १४ कथील भरून आणायचं. भट्टी लंब्रिजमध्येच आहे. ऐरणीसाठी वर व्हॅरॉक शहरात जावं, तिथल्या पश्चिमेकडच्या बँकेला, म्हणजे खेळातला माल ठेवायच्या कोठीला, लागूनच ऐरणी आहेत, लगडी बँकेतून काढायच्या आणि चार पावलांवर ठोकायच्या. हातोडा एक खण खातो, उरतात २७. छातीच्या चिलखताला पाच लगडी लागतात, तेव्हा एका खेपेला पाच चिलखतं आणि दोन लगडी शिल्लक. भाचा हे सगळं वहीवर मांडत होता. दहावीच्या गणिताला तो असा कधी बसलेला मी पाहिला नव्हता.

पंधराव्या पातळीला लोखंड मिळतं आणि तिथे नवी पोरं वैतागतात. भट्टीत खडा घातला की निम्म्या वेळा काहीच हाती येत नाही, खडा वाया जातो. भाच्याचे सलग चार गेले तेव्हा त्यानं फोन बाजूला ठेवला. मी त्याला दुकानातला कोपरा दाखवला. सांधा न घेतलेले तुकडे आम्ही तिथे टाकतो. कोळसा ओला लागला, भाता कमी पडला, की लोखंड लोखंडाला धरत नाही, मग घण घातला तर दोन्ही तुकडे सुटे होऊन पडतात. माझा आजही फसतो. तो ते तुकडे हातात घेऊन बराच वेळ बघत होता.

आता मुद्द्याची गोष्ट. कुणालाही पैसे न देता सुरुवातीची ही सगळी चढण एका संध्याकाळीत चढायची सोय खेळातच करून ठेवलेली आहे, तीही फुकट खेळणाऱ्यांना. फॅलाडोर नावाच्या शहरात एका सरदाराचा सेवक भेटतो. मालकाची तलवार त्याच्या हातून हरवलेली असते, हुबेहूब तशीच दुसरी त्याला हवी असते. तशी तलवार करणारे बुटके लोहार जवळपास संपलेत. एक उरलाय, थुर्गो नावाचा, समुद्राकाठच्या टोकाला एकटाच राहतो. तो कुणाशी बोलत नाही. लाल बोरांची पाय, म्हणजे भरलेली गोड रोटी म्हणा, ती नेऊन दिली तरच तोंड उघडतो. मग तलवारीचं चित्र आणायचं, लोखंडाच्या दोन लगडी द्यायच्या आणि बर्फाच्या गुहेतून निळसर धातूचा खडा फोडून आणायचा. त्यासाठी खाणकामाची दहावी पातळी लागते. गुहेत बर्फाचे राक्षस आहेत, नवख्याला ते जड जातात, तेव्हा खायला भरपूर न्यावं आणि खडा मिळाला की पळावं. भाच्याचा खेळातला गडी पहिल्या फेरीला मेलाच. दुसऱ्या फेरीला जमलं.

या एका कामाचे लोहारकीत १२,७२५ गुण मिळतात. पहिल्या पातळीवरचा माणूस थेट एकोणतिसाव्यावर जातो. पोलाद तिसाव्याला मिळतं, म्हणजे अगदी उंबऱ्यावर आणून सोडतात, शेवटचं पाऊल स्वतःच्या हातोड्यानं टाकायचं.

मला यातलं सर्वांत काय भावलं सांगू? म्हाताऱ्या कारागिराकडे विद्या मागायला जाताना रिकाम्या हातानं जायचं नाही. आमच्याकडे सुगीला लोक पेंढ्या घेऊन यायचे, आजोबा आधी पाणी पाजायचे, मग फाळ हातात घ्यायचे. इंग्लंडातल्या कुणाला हे सुचलं याचं मला नवल वाटलं आणि बरंही वाटलं.

तो भामटा सत्तराव्या पातळीचं आमिष दाखवत होता. तिथे पोचायला ७,३७,६२७ गुण लागतात आणि शेवटच्या नव्याण्णवाव्याला १,३०,३४,४३१. आकडे पाहून पोरं घाबरतात आणि नेमकी तिथेच अशा माणसांच्या हाती सापडतात. पासवर्ड दुसऱ्याला देऊन खेळून घेणं आणि खऱ्या पैशानं खेळातलं सोनं विकत घेणं, दोन्ही खेळाच्या नियमाविरुद्ध आहे. म्हणजे समोरचा प्रामाणिक निघाला असता तरी अकाउंट बंद व्हायची टांगती तलवार होतीच. हे पंधरा वर्षांच्या मुलाला कुणी सांगितलेलं नसतं.

आणखी एक शंका भाच्यानं विचारली, ती मला महत्त्वाची वाटते. खेळात मोठा बाजार आहे, हजारो खरी माणसं तिथे माल लावतात. भाचा म्हणाला, "मामा, लगड महाग आणि तिचं केलेलं चिलखत स्वस्त, असं कसं? मेहनत तर चिलखताला आहे." मी म्हटलं, जो तो शिकण्यासाठी तेच चिलखत ठोकतोय, गुण मिळाले की माल पडेल भावानं बाजारात टाकतोय. विकत घेणारे थोडे, टाकणारे फार. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कारखान्यातलं छापाचं खुरपं आठवडी बाजारात आलं आणि गाडीच्या पाट्याचं पोलाद आमच्या खुरप्यापेक्षा महाग पडू लागलं. म्हणून त्याला सांगितलं, खनिज विकत घेऊन ठोकत बसू नको, स्वतः खण. लोखंडाचा एक खडा आणि कोळशाचे दोन, एवढ्यात पोलादाची लगड होते. पोटापुरत्या लगडी विकायच्या, उरलेल्यांवर हात बसवायचा. त्यानं तसंच केलं आणि त्याच्या बँकेत पुन्हा चार पैसे दिसू लागले.

एक महिन्याची वर्गणी मी भरली, सरळ खेळाच्या अधिकृत ठिकाणी, ताईला विचारून. कारण त्याला मला एक जागा दाखवायची होती, राक्षसांचा ओतकारखाना. २०२२ साली खेळात आलेली. आधी एक छोटी क्वेस्ट, म्हणजे नेमून दिलेली कामगिरी, करायची, लोहारकीची पंधरावी पातळी पुरते. साधी ऐरण खेळात मला फिकी वाटत होती, बोट टेकवलं की हातोडा आपोआप चालतो, लोखंड कधी लाल झालं कधी निवलं काही कळत नाही. इथे तसं नाही. दोन धातूंच्या मिळून २८ लगडी वितळवून मोठ्या तलवारीचं पातं ओतायचं आणि मग ते तापवत-निववत घडवायचं. घणासाठी पातं खूप तापलेलं हवं, धारेच्या चाकाला मध्यम, झिलईला कमी. घणाखाली ठोकता ठोकता ते निवत जातं, धारेच्या चाकावर धरलं की उलट तापत जातं. तापवायला लाव्हा, निववायला धबधबा. भाच्याला ते रंगांचे पट्टे सांभाळता येईनात.

मी फोन ठेवायला लावला आणि त्याला भट्टीपाशी उभा केला. कोयता करायला घेतला होता. धार तापवून फक्त बोटभर पाण्यात धरली, बाहेर काढली, दगडावर घासून चकाकवली. मग म्हटलं, आता हलू नको, बघ. पाठीकडची ऊब धारेकडे सरकते तसा रंग चढतो. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळट. जांभळा यायच्या आत पाण्यात घालायचा, उशीर झाला तर धार मऊ पडते, घाई केली तर उसाच्या कांड्यावर कोयता तुटतो. पहिला त्यानं उशिरा घातला. चौथा बरोबर आला. त्या रात्री ओतकारखान्यातली त्याची तलवारही चांगल्या गुणांनी उतरली.

संपादक महोदय, आपल्याला दोन विनंत्या. पहिली, या खेळांच्या नावानं मुलांकडून पासवर्ड आणि पैसे काढणाऱ्यांबद्दल आपण ठळक छापावं. पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा, आम्ही मुलाच्या भीतीपायी पाच दिवस घालवले आणि पैसे परत आले नाहीत. मुलानं घरी सांगितलं तर त्याला मारू नये, म्हणजे पुढच्या वेळी तो पहिल्याच तासाला सांगेल. खेळातल्या बँकेला चार आकडी पिन लावता येते, लॉगिनला दुहेरी पडताळणी लावता येते, दोन्ही त्याच दिवशी लावून घ्यावं.

दुसरी विनंती, आपल्या मुलांच्या पानावर अशा खेळांत पहिलं पाऊल कसं टाकावं हे साध्या मराठीत छापावं. लोहारकीपुरतं लिहायला मी तयार आहे, मोबदला नको.

भाचा सध्या चौतिसाव्या पातळीवर आहे. पस्तिसाव्याला पोलादाच्या एका लगडीतून तोफेचे चार गोळे ओतता येतात. त्यासाठी आधी बुटक्यांची नादुरुस्त तोफ नीट करून द्यावी लागते. ते काम आम्ही येत्या रविवारी, दुकानाला सुट्टी असताना, दोघं मिळून करणार आहोत.

आपला,
एक लोहार वाचक
ता. वाळवा, जि. सांगली