लाईन गेली त्या संध्याकाळी

पुणे, २३ नोव्हेंबर २०२५

ती. आई आणि बाबांना शि. सा. नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळं बरं आहे. दिवाळीपासून चार वेळा फोनवर हे बोलायला घेतलं आणि चारही वेळा सोयाबीनच्या भावावर घसरले. म्हणून कागद. आई, वाचणार तूच आहे हे माहीत आहे, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे आणि ओळींमध्ये अंतर सोडलं आहे. चूल आवरून, पाय पसरून बस. बोट ठेवून वाच. घाई नाही.

काय ठरवलं ते आधी सांगून टाकते. एक तारखेपासून रोज संध्याकाळी सात ते आठ पलीकडच्या काकूंची नववीतली नात आपल्याकडे येईल आणि बाबांना पुस्तक वाचून दाखवील. काकूंशी बोलून झालं आहे. महिन्याचे पैसे पोरीच्या पोस्टाच्या खात्यात मी टाकणार आहे, त्याची चर्चा घरात करायची नाही. बाबा, तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाले असते, आणि तुमचं नाही मोडायची सवय मला या वयातही लागलेली नाही.

रागावण्याआधी पुढचं ऐका.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही बंगईवर बसून ग्रामगीता वाचत होते. आई खाली सांबाराची जुडी निवडत होती. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात चहाचा कप घेऊन उभी होते. लाईन गेली. अख्ख्या गल्लीत काळोख झाला, आईचे हात थांबले, आणि तुमचा आवाज थांबला नाही. चार ओव्या झाल्या, पाचवी झाली, तुम्ही मध्ये पानसुद्धा उलटलं. मग आई हळूच म्हणाली, "अहो, लाईन गेली," आणि तुम्ही पुस्तक मिटलं.

रात्रभर झोप आली नाही मला. सकाळी तुम्ही फिरायला गेल्यावर आलमारी उघडली. तीन वाढदिवसांना पाठवलेली पुस्तकं तशीच होती, वरचा प्लास्टिकचा कागदही फोडलेला नव्हता. आणि मी दर रविवारी विचारायची, "बाबा, वाचन चालू आहे ना?" तुम्ही इतकं रंगवून सांगायचे की मला वाटायचं, जुनी पुस्तकं पुन्हा काढली असतील. यंदा मे-जूनमध्ये महिनाभराच्या अंतरानं जयंत नारळीकर गेले आणि मारुती चितमपल्ली गेले, तेव्हा दोन्ही वेळा तुम्ही म्हणाले, "रेडिओवर ऐकलं." पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारा माणूस रेडिओवर ऐकलं म्हणतो, आणि मला काही सुचलं नाही. बँकेत दिवसभर लोकांच्या सह्या ताडून पाहते मी. कोणाची सही हलली की लगेच ओळखते.

आई, हा परिच्छेद मनातल्या मनात वाच. तुला किती दिवसांपासून माहीत होतं? तू सकाळी पेपर घेऊन त्यांच्या शेजारी बसायची आणि एकेक मथळा अडखळत वाचून "हे काय लिहिलं आहे हो?" म्हणून विचारायची. मला वाटायचं, आईला म्हातारपणी शिकायची हौस आली. ते तुला समजावून सांगायचे आणि त्यातून त्यांना बातमी कळायची, असा तुमचा कारभार. मी रागावले नाही. थोडी रागावले होते, पण आता नाही.

(आता मोठ्यानं वाच.)

अमरावतीच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते तुम्ही दोघांनी माझ्यासमोर ऐकलं आहे, तरी पुन्हा लिहिते, कारण परवा फोनवर बाबा "मोतीबिंदूसारखंच आहे, काढून टाकू उन्हाळ्यात" असं म्हणत होते. मोतीबिंदू काढता येतो. हा काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढून आतली नस खराब होते आणि गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची असेल तर थेंब, आणि थेंबांना सुट्टी नाही. एकादशीलासुद्धा नाही. दोन बाटल्यांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटानं दाबून धरायचा. बाटल्या माठाशेजारच्या कोनाड्यात ठेवा, चुलीच्या बाजूला नको.

तर पोरीचं. तुम्ही म्हणाल, पस्तीस वर्षं मी लोकांच्या पोरांना वाचायला शिकवलं आणि आता एका पोरीकडून वाचून घेऊ? आईच वाचेल, असंही म्हणाल. आईचं वाचणं म्हणजे चढावरची बैलगाडी, हे तिचेच शब्द आहेत. शिवाय तिनं आजवर तुमचं सगळं वाचन भाकरी थापता थापता ऐकलं. आता एक तास तिला नुसतं बसून ऐकू द्या. मोबाईलवर पुस्तकं ऐकता येतात, तेही मी बघितलं. आपल्या घरात रेंज फक्त न्हाणीच्या भिंतीशी येते. आणि तो मोबाईलमधला माणूस तुम्हाला डुलकी लागली तरी वाचत सुटतो. 'थांब, हे पुन्हा वाच' असं त्याला म्हणता येत नाही, आणि 'पुन्हा' म्हटल्याशिवाय तुमचं वाचन कधी झालं आहे?

आणखी एक सांगते, हे तुम्हाला पटवण्यासाठीच आहे, लपवत नाही. नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. अक्षर ओळखू नये म्हणून ती बायकोच्या हातानं लिहून घेतली होती. बहिणाबाईंना तर अक्षरच येत नव्हतं, त्यांचं गाणं लेकानं कागदावर उतरवून घेतलं आणि पुस्तक निघालं १९५२ मध्ये, त्या गेल्यावर. आणि आपलं रिद्धपूर! म्हाइंभटांनी तिथं लीळाचरित्र सिद्ध केलं ते ज्यांनी चक्रधर स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांना विचारून विचारूनच. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ आपल्या अमरावती जिल्ह्यात तयार झाला आणि तो कानावर आलेल्या आठवणींचा आहे. मग तुम्हाला कानानं वाचायला कमीपणा कसला?

पुस्तकांची पेटी एसटीच्या पार्सलनं चांदूर बाजारला येईल. दादाला सांगितलं आहे, तो आणून देईल. ती भरायला मला महिना लागला. अप्पा बळवंत चौकात इतक्या फेऱ्या झाल्या की एक दुकानदार म्हणाला, "ताई, परीक्षा कुठली देताय?" खरं सांगते बाबा, तुमची मुलगी म्हणून मी मोठी वाचणारी समजली जाते, पण गेल्या दहा वर्षांत मी काय वाचलं हे विचारू नका. यातली निम्मी पुस्तकं मलाच पहिल्यांदा भेटली. घरी आणून प्रत्येकाची दोन-तीन पानं ओट्याशी उभी राहून मोठ्यानं वाचली, कारण डोळ्यांना छान वाटणारं कानाला चालतंच असं नाही. आपल्या नागपूरच्या ग्रेसांच्या कविता परत ठेवल्या. एकेका ओळीपाशी मलाच तीनदा मागे जावं लागत होतं, पोरगी तर रडली असती. चितमपल्ली मात्र कानाला फार गोड. नवेगावबांधच्या रानाबद्दल ते वाक्य इतकं सावकाश चालवतात की वाचणाऱ्याला आपोआप धीर येतो. सुरुवात त्यांच्यापासूनच करा. प्लास्टिकमधलं पुस्तक पण आता फोडा.

ऐकणारे दोन आणि वाचणारी एक, तिघांची वयं तीन, आवडी तीन. पोरीला भुताच्या गोष्टी हव्या आहेत, हे तिनं फोनवर सांगितलं. तिच्यासाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ठेवला आहे. बाबा, नाक मुरडू नका, उन्हाळ्यात गच्चीवर बाजेवर पडून तो तुम्हीच आम्हाला वाचून दाखवायचे. दादा आणि मी दोन बाजूंनी तुमच्या पोटावर पाय टाकायचो आणि बन्या अगदी संकटात सापडला की तुम्ही कंदील बारीक करून "उद्या" म्हणायचे. किती छळलं आहे तुम्ही आम्हाला! आणि तुमच्या जुन्या पेटीच्या तळचा तो बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा गठ्ठा, जो शाळेतल्या पोरांकडून जप्त केला होता म्हणून सांगायचे, त्याचं मी कोणाला बोललेले नाही. पोरीच्या हाती लागला तर लागू द्या. झुंजार वाचूनच जीभ सुटते.

आईसाठी लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे. पहिला भाग १९३४ चा आहे, पण बाई बोलते अशी की काल दुपारी आपल्या ओसरीवर येऊन गेली असं वाटावं. लग्नानंतर नवऱ्यानं वाचायला शिकवलं तिला, आणि तोच नवरा कसा विसरभोळा आणि तापट होता ते ती हसत हसत सांगते. आई, तू काही ठिकाणी बाबांकडे बघशील. बघ, माझी परवानगी आहे.

उद्धव शेळक्यांची धग पण आहे. १९६० ची. माझ्या इथल्या एका मैत्रिणीला वाचायला दिली तर कौतिकच्या बोलण्यापाशी ती प्रत्येक ओळीला थांबत होती. आपली पोरगी तिथं धडधडीत वाचेल, कारण कौतिक तिच्या आजीसारखीच बोलते. पुस्तकात आपली वऱ्हाडी बोली छापलेली असते हे तिला अजून माहीत नाही. तिला ते आधी सांगू नका, तिचं तिला सापडू द्या. मला सापडलं तेव्हा मी कॉलेजात होते आणि लायब्ररीत एकटीच हसले होते. फक्त शेवटची पन्नास पानं राखून ठेवा. ती संक्रांतीला आल्यावर मी वाचीन. आई मागं एकदा "मले काय समजते त्यातलं" म्हणाली होती आणि आठ दिवसांनी फोनवर विचारत होती, "त्या बाईचं मंग काय झालं?" जे झालं ते चांगलं झालेलं नाही, आई. तेव्हा मी जवळ असलेली बरी.

विश्राम बेडेकरांचं रणांगणही माझ्यासाठी राखा. बेडेकर जन्मानं अमरावतीचे, पुस्तक १९३९ चं. नावावरून तुम्हाला इतकी वर्षं ते लढाईचं वाटत आलं. ती बोटीवरची प्रेमाची गोष्ट आहे, एका मराठी तरुणाची आणि एका ज्यू मुलीची. नायकाचं नाव चक्रधर. म्हणजे पेटीत दोन चक्रधर झाले, एक रिद्धपूरचे आणि एक बोटीवरचे. सरमिसळ करू नका.

लीळाचरित्रातल्या निवडक लीळा रविवारी घ्या. एकेक लीळा लहान असते, भाषा जुनी, पोरीची जीभ वळणार नाही. तिथं तुम्ही अर्थ सांगायचा. वाचणारी ती, मास्तर तुम्हीच. हे मी मुद्दाम ठेवलं आहे, आणि तुम्हाला ते कळेल हेही मला ठाऊक आहे.

आता नियम. तिच्या वाक्याच्या मध्ये बोलायचं नाही. 'ण'चा 'न' झाला तरी चालू द्या, 'पानी' म्हणाली म्हणून कोणाचं पाणी अडत नाही. परिच्छेद संपल्यावर सांगा. थंडी पडली आहे, छपरीत बसायचं नाही, आतल्या खोलीत बसा, दार लोटून. बाबांच्या अंगावर शाल आणि पायात मोजे. लाईन जाते म्हणून चार्जिंगचा बल्ब पेटीत ठेवला आहे, तो पोरीच्या खांद्यामागून लावा, तिचेही डोळे आहेत. आई, तिला चहा देऊ नको, दूध दे, सोबत लाडू नाहीतर शंकरपाळी. परीक्षेच्या दिवसांत सुट्टी. आणि आठला तिला घरी सोडायला दादानं जायचं, दहा पावलांवर असलं तरी.

तुम्हाला पुण्याला या असं मी आता म्हणत नाही. म्हटलं की बाबा गप्प होतात आणि आई पापडाचा विषय काढते. तुमची बंगई इथल्या बाल्कनीत मावत नाही हे मलाही दिसतं.

संत्र्याच्या पैशातून आणलेली ती पुस्तकं मी दिवाळीत उन्हात घातली. दोनच उधळीनं खाल्ली आहेत. पाटल्यांचं मी काही बोलत नाही, आई. तूच आजवर कधी बोलली नाही.

बाबा, पहिले आठ दिवस तुम्हाला लाज वाटेल. वाटू द्या. नवव्या दिवशी बंद करायचं असेल तर मला फोन करा, मी पोरीला सांगीन, तुम्हाला वाईटपणा नको. पण आठ दिवस माझ्यासाठी.

तुमची,
धाकली

ता. क. पोरगी काल फोनवर विचारत होती, "आत्या, चुकलं तं आजोबा मारतीन का?" मी सांगितलं, मारत नाहीत. फक्त 'पुन्हा' म्हणतात.